पालथा कप

२ नोव्हेंबर, सोमवार

गळ्यात पडलं शेवटी! प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत जाहीर करून टाकलं — आंतरराष्ट्रीय शिक्षण सप्ताह यंदा रसायनशास्त्र विभागाकडे. म्हणजे माझ्याकडे. कारण काय, तर प्रयोगशाळेत लांब टेबलं आहेत! टेबलं आहेत म्हणून माणूस जुंपायचा. भूगोलवाले सर शेजारीच बसले होते. देशोदेशीचं प्रकरण ते, विषय कोणाचा — त्यांचा की माझा? पण त्यांना दर वर्षी नेमकं याच महिन्यात गुडघ्याचं दुखणं उपटतं.

सकाळी घरी तमाशा झाला तो वेगळाच. आईनं परत तो कप पालथा घालून ठेवला होता. पिवळ्या रेघेचा, जुन्या संचातला एकुलता एक उरलेला. टेबलावर, खिडकीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर, बशीत पालथा. मावशींनी — दिवसभर आईला सांभाळायला येतात त्या — सरळ मनानं तो सुलटा केला आणि त्यात चहा ओतला. झालं! आईनं टेबलावर हात आपटला. "हात लावू नका! कितीदा सांगायचं?" चहा सांडला, मावशी रडवेल्या, मी फडकं घेऊन पुसतेय. तेवढ्यात आई माझ्याकडे वळून म्हणते — "अहो बाई, तुम्ही तरी सांगा हो हिला."

अहो बाई! नोकरीची बदली मागून, तिकडचं बिऱ्हाड मोडून मी या घरात परत आले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी 'कॉलेजातल्या बाई'. जन्म दिलेल्या पोरीला अहो-जाहो! लोकांना सांगताना मी हसून सांगते. इथे कोणाला हसून दाखवायचंय? वाईट वाटतं. रोज वाटतं.

४ नोव्हेंबर

कप पालथा. मावशींना म्हटलं, असू दे. चहा मगात द्या.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

सप्ताहाची पहिली बैठक. बाहेरच्या देशांतून आलेली बारा-पंधरा मुलं, आपली तेवढीच. मी म्हटलं, झेंडे, नाच आणि नकाशे — दर वर्षीसारखं उरकून टाकू. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही डोलावली ती एकीनं. लोकरी टोपी घालते, ऊन असो की पंखा बंद असो. मराठी शिकलीय होस्टेलच्या पोरींकडून, त्यामुळे देवाला आणि दगडाला सारखंच 'अगं'. उठून म्हणाली, "अगं मॅडम, झेंडा तर आमच्या घरात नसतोच!"

"मग काय असतं?"

"कोपरा असतो ना. स्वयंपाकाचा, झोपायचा. तो आणू या?"

एकदम सगळेच बोलायला लागले. ठरलं — प्रत्येकानं आपल्या घरातला एक कोपरा उभा करायचा. जसाच्या तसा. नटवायचा नाही. मला आधी वैतागच आला, कारण झेंडे कपाटात तयार होते. पण घरी येताना माझ्याच मनात आलं, मी कुठला कोपरा नेला असता? आणि पहिलं आठवलं ते आमचं जेवणाचं टेबल, बाबा असतानाचं, पाय लंगडा म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेलं.

त्या टोपीवालीचा देश कुठला ते यादीत पाहिलं आणि थबकले. आईचं बालपण त्याच देशात गेलंय! आजोबा तिकडे बंदराच्या धक्क्याच्या कामावर होते. आई दहाएक वर्षांची होईपर्यंत सगळे तिकडेच. मग परत आले ते कायमचे.

८ नोव्हेंबर, रविवार

दादाचा फोन. आधी हवापाणी, मग मुद्दा. त्याला एक जागा सापडलीय. अशी म्हातारी माणसं सांभाळतात तिथे. बाग आहे, डॉक्टर आहेत, नर्स चोवीस तास. एक खोली रिकामी झालीय, पाच डिसेंबरपर्यंत हो-नाही सांगायचंय. नाही सांगितलं तर दुसऱ्या कोणाला देतील.

"तू किती ओढणार एकटी?" — हे खरंच काळजीनं म्हणाला, उगाच खोटं का लिहू. पण पुढचं वाक्य! "तिला तर तू कोण हेही कळत नाही गं. मग जवळ तू असलीस काय आणि नर्स असली काय, तिच्या लेखी फरक काय?"

मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि भांडी घासायला घेतली, घासलेलीच होती ती. राग दादाचा नाही आला. राग आला कारण त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही. मी दमलेय. पाठ धरलीय. रात्री आई उठते म्हणून झोप लागत नाही, आणि सकाळी वर्गात फळ्यावर समीकरण अर्धं टाकून मी विसरते. ती जागा मीही गुपचूप बघून आले होते मागच्या महिन्यात. चांगली आहे. चांगली आहे हाच तर घोळ आहे.

दुपारी आईला त्या देशाचं नाव सांगून पाहिलं. म्हटलं, काही आठवतंय? ती नखं बघत बसली. मग म्हणाली, "तिथे वारा फार." बस्स, एवढंच. मी लहान असताना कधीमधी सांगायची — शेजारची बाई, तिचा नवरा बोटीवर, ती खिडकीत बसून मोजे विणायची आणि आईला मांडीवर घ्यायची. आम्ही ऐकायचो का? दादा नि मी "हो हो, वारा फार, मोजे फार" म्हणून पळायचो. आता विचारायला जावं तर गोष्टच पुसून गेलीय.

१२ नोव्हेंबर

प्राचार्य म्हणतात, झेंडे का नाहीत? त्यांना म्हटलं, आहेत ना — कपाटात.

१५ नोव्हेंबर, रविवार

सामान बघायला मुलींच्या होस्टेलवर गेले. कित्येक वर्षांनी होस्टेलचा बोळ! तोच ओल्या टॉवेलांचा आणि खोबरेल तेलाचा वास. एक पोर बादलीवर बसून फोनवर आईशी भांडत होती — "नाही येणार मी शनिवारी, सांगितलं ना!" मला तिथेच उभं राहून तिच्याकडून फोन काढून घ्यावासा वाटला.

मी शिकायला बाहेर पडले तेव्हा फोन कुठला! पत्र टाकायचं आणि पत्र पोचायच्या आधी आपणच पोचायचं. सुट्टी लागली की रात्रभराची एस.टी., पत्र्याची ट्रंक मांडीवर. सकाळी दारात पोचले की बाबा ट्रंक घ्यायचे, दादा ट्रंकेत काय आहे ते बघायचा. आणि आई? स्वयंपाकघरातून बाहेर डोकावायची सुद्धा नाही! चहा तयार असायचा. बाबांना हातात कप, दादाला हातात कप. मला मात्र — "कप तुझा तू घे."

किती राग यायचा मला! रात्रभर धक्के खात आलेली पोर, तिला एक कप हातात देववत नाही? एकदा तर रडले होते. बाबा हसून म्हणाले, "अगं, तू काय पाहुणी आहेस?" मग मी फुगलेल्या तोंडानं कप घ्यायचे आणि आई काठोकाठ ओतायची. दादा ओरडायचा, "तिलाच का एवढा?" पुढे नोकरी लागली, दुसऱ्या गावी बिऱ्हाड झालं, केसात पांढरं आलं, तरी दर वेळी घरी आल्यावर तेच — "कप तुझा तू घे." मी लग्न केलं नाही यावर नातेवाइकांनी डोकं खाल्लं, आई मात्र एका शब्दानं बोलली नाही. तिचं माझ्याशी वैर त्या कपापुरतंच.

आता कोणी म्हणत नाही. म्हणावं असं फार वाटतं.

१८ नोव्हेंबर

टेबलं प्रयोगशाळेतून हॉलमध्ये हलवली. आम्लाचे डाग बघून एक मुलगा म्हणाला, "हे आमच्या घरच्यासारखंच दिसतंय!" त्याची आई काय रांधते देव जाणे.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

मावशींना उद्या सुट्टी हवीय, भाचीचं लग्न. माझं सप्ताहाचं प्रदर्शन नेमकं उद्याच! वैतागून काय करणार. आईला बरोबरच न्यायचं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर मनात एक चोरटी आशाही आहे — त्या टोपीवालीचा कोपरा बघून हिला काही आठवलं तर? डॉक्टर म्हणतातच, जुनं शेवटपर्यंत राहतं. राहिलं असेल तर मला एक चिमूट बघायला मिळू दे. मग दादाला काय ते सांगून टाकीन.

२१ नोव्हेंबर, शनिवार

नीट क्रमानं लिहिते.

हॉल ओळखू येत नव्हता. दाराशीच खांब — साडेसहा फूट असेल तो मुलगा, म्हणून सगळे खांब म्हणतात — लाकडी चौकट उभी करून बसलेला. त्याच्या आजीच्या घरात म्हणे नियम आहे, वाटेत काय पाहिलं ते सांगितल्याशिवाय आत घ्यायचं नाही. प्राचार्य म्हणाले, "ट्रॅफिक." खांब म्हणाला, "ते सगळेच बघतात, सर. परत जाऊन या." आणि प्राचार्य खरंच बाहेर जाऊन आले! मी म्हटलं, जिन्यात मुंगळा साखरेचा दाणा ओढत होता. मला लगेच आत घेतलं. आईला विचारलं तर तिनं बराच विचार केला. "एक मुलगी येताना दिसली. बॅग होती तिच्याकडे." वाटेत कोणी मुलगी नव्हती. खांबानं वाकून तिला आत घेतलं.

आत दोघी बहिणींनी होस्टेलची चार ब्लँकेटं एकमेकींना शिवून एकच लांबलचक पांघरूण केलेलं. त्यांच्याकडे सगळं घर एकाखाली झोपतं, धाकटं मधे. आमचे ग्रंथपाल त्यात जाऊन आडवे झाले ते उठेचनात. एका अबोल मुलानं फळीवर जुना रेडिओ ठेवलेला, वर विणलेलं फडकं. घरात भांडण पेटलं की कोणीतरी उठून ते फडकं काढतं, आणि परत झाकेपर्यंत सगळ्यांनी गप्प! मी म्हटलं, स्टाफरूमला एक हवाच. आणि आपली पोरं? त्यांनी काय आणावं — इस्त्रीचं टेबल! त्यावर कपड्यांचा डोंगर, विजेची बिलं, हरवलेल्या किल्ल्या, अर्धी पेन्सिल. "मॅडम, आमच्या घरी हाच कोपरा. खाली टेबल आहे हे आम्हाला माहीतच नाही." हसून हसून पुरेवाट. किती दिवसांनी हसले मी. आई माझा हात धरून चालत होती, तिलाही कशाकशाचं हसू येत होतं.

टोपीवालीचा कोपरा शेवटी होता. काही विशेष नाही — चौकड्यांचं मेणकापड घातलेलं टेबल, किटली, पाच कप. चार सुलटे. पाचवा बशीत पालथा.

मी बघतच राहिले. अगदी तसाच! आईकडे वळणार तेवढ्यात भूगोलवाले सर (गुडघा आज बरा होता!) पुढे झाले. "हा निथळायला ठेवलाय वाटतं," असं म्हणत त्यांनी कप उचलला आणि सुलटा केला.

"हात लावू नका!"

सबंध हॉल वळून बघायला लागला. आईनं माझा हात सोडला होता. ताठ उभी होती. "ठेवा तो! त्याचा तो सुलटा करेल. दुसऱ्यानं करायचा नसतो!"

सरांनी कप टाकलाच जवळजवळ. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण टोपीवाली पुढे आली होती. तिनं टोपी काढली — पहिल्यांदाच पाहिले तिचे केस — आणि आईला काहीतरी विचारलं. तिच्या भाषेत. आणि आई बोलली! अडखळत, दोन शब्द, मग तीन. मला एक अक्षर कळलं नाही. माझ्या आईच्या तोंडून मी ती भाषा जन्मात ऐकली नव्हती. चेहरा असा झाला होता की ती कोणाची तरी लहान मुलगी आहे हे मला पहिल्यांदा खरं वाटलं. टोपीवाली तिचे दोन्ही हात धरून रडत होती, आणि आई तिला थोपटत होती. मग आईनं तो कप उचलला आणि बशीत परत पालथा घातला.

२२ नोव्हेंबर, रविवार

काल गर्दीत काही धड बोलता आलं नाही. आज टोपीवालीला घरीच बोलावलं. आत आल्या आल्या तिनं आमच्या टेबलावरचा पिवळ्या रेघेचा कप पाहिला आणि छातीवर हात ठेवला.

मग सांगितलं. तिच्या गावात आणि आजूबाजूच्या चार बंदरांत घरातलं माणूस लांब गेलं — बोटीवर, नोकरीला, शिकायला — की त्याचा कप त्याच्या जागी पालथा घालून ठेवतात. दुसऱ्या कोणी त्यात प्यायचं नाही, सुलटाही करायचा नाही. केला तर माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरतं म्हणतात. तो आला की स्वतःच्या हातानं सुलटा करतो. मग घरातलं मोठं माणूस त्यात काठोकाठ ओततं. तेव्हा तो आला असं धरायचं.

"नुसता दारातून आत आला तर?"

"अगं मॅडम, तर तो पाहुणा! घरचा नाही."

मला वाटलं, म्हणजे बाबांसाठी. आई अजून बाबांची वाट बघते! डोळे भरून आले. पण तिनं मान हलवली. "गेलेल्या माणसाचा कप लगेच वापरायला काढतात. रोज कोणीतरी पितं. पालथा म्हणजे जिवंत आहे. येणार आहे."

"काल तिला काय विचारलंस?"

"विचारलं, कोण येणार? म्हणाली — येईल. एवढंच."

ती गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. दादा! दुसरं कोण? लांब तोच राहतो, वर्षातून एकदा येतो. येतो तोही पाहुण्यासारखा, बाहेर हॉटेलात जेवून. अर्थात! जो गेला त्याच्यासाठी कप मांडून ठेवायचा, आणि जी रात्री तीनदा उठून हिचं पांघरूण सारखं करते ती 'अहो बाई'! अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वयाला भावाचा मत्सर करावा मी? पण केला. चांगला तासभर केला.

२४ नोव्हेंबर

दादाला कपाचं सांगितलं. म्हणाला, शनिवारी येतोच आहे, खोलीचंही समोरासमोर बोलू. आणि मग हळूच — "मी सुलटा केला तर ओळखेल म्हणतेस?" आवाज लहानपणीचा झाला होता त्याचा. राग पळाला माझा.

२८ नोव्हेंबर, शनिवार

दादा सकाळी आला. आई त्याला बघून लगेच, "आलास? बस." ओळखलं! एका झटक्यात! मला हेवा वाटायलाही वेळ मिळाला नाही. मी किटली घेऊन उभी होते. दादानं माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला, खिडकीकडच्या खुर्चीत बसला आणि कपाला हात घातला.

आईनं त्याच्या हातावर चापटी मारली. "अरे! तुझा तू नेलास ना, वेगळं घर केलंस तेव्हा? हा तिचा आहे."

"कोणाचा?"

"कोणाचा काय! बहीण विसरलास का रे? होस्टेलवर आहे ती. शिकतेय. सुट्टी लागली की येईल." मग माझ्याकडे बघून, अगदी आदबीनं, "अहो बाई, ह्याला साखर कमी घाला हं."

किटली जड झाली. मी ती खाली ठेवली. दादा उठला, आत जाऊन तोंड धुऊन आला. मग गॅलरीत मला म्हणाला, "खरंच दिला होता गं मला. लग्नानंतर, फडक्यात गुंडाळून. 'तुझं आता तिकडे' म्हणाली होती. मला वाटलं आठवण म्हणून देतेय." कुठे आहे तो कप? "तुझी वहिनी पेनं ठेवते त्यात."

खोलीबद्दल बोलायला आला होता. बोलला नाही. जाताना एवढंच — "तू सांगशील तसं. पाच तारखेपर्यंत आहे वेळ."

२९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर एकच विचार. खिडकीकडची खुर्ची माझी होती! हल्ली मी आईला भरवायला सोपं म्हणून ओट्याकडच्या बाजूला बसते. आणि मी सुट्टीत यायचे तेव्हाही कप पालथाच असायचा बशीत. बाबा म्हणायचे, धूळ बसू नये म्हणून. त्यांनाही खरं माहीत नसावं. माझ्या पाठीमागे महिनोन् महिने तो तसा ठेवलेला असायचा हे मला कसं कळणार? मी तर नसायचे! मी यायचे, फुगून बसायचे आणि सुलटा करायचे. "कप तुझा तू घे." एवढ्या वर्षांत तिनं एकदाही सांगितलं नाही का? की सांगितलं होतं, वारा फार नि मोजे फारच्या मधे कुठेतरी, आणि मी पळाले होते?

आणि दोन वर्षांपूर्वी कायमची आले, तेव्हा काय झालं? नीट आठवतंय. दार मावशींनी उघडलं. "दमला असाल हो," म्हणून दारातच पाण्याचा पेला दिला, मागोमाग चहाचा मग. आई तेव्हाच पुष्कळसं विसरली होती. मी मगातला चहा प्यायले आणि कामाला लागले.

म्हणजे मी आलेच नाही. तिच्या हिशेबानं मी अजून वाटेवर आहे.

१ डिसेंबर, मंगळवार

टोपीवालीला प्रयोगशाळेत गाठलं. म्हटलं, नीट सांग, कसं करायचं असतं? ती मोजपात्र धुता धुता म्हणाली — बाहेरून यायचं. हातात सामान. पायातलं काढायचं. काही बोलायचं नाही. आपल्या जागी बसून सुलटा करायचा. "आणि मग वाट बघायची, मॅडम. ओतायची घाई त्यांनी करायची, आपण नाही."

"आणि नाही ओतलं तर?"

तिनं पहिल्यांदा 'अगं' न म्हणता नुसता माझा हात धरला.

२ डिसेंबर

कपाकडे हात गेला. परत घेतला. ती समोरच होती. "हा तुमचा नाही हो बाई" असं म्हणाली तर? मग दादाचंच खरं. मग उद्याच फोन करून हो म्हणायचं, दुसरं काय.

३ डिसेंबर

आजही नाही. भित्री कुठली! सल्फ्युरिक आम्ल हाताळते रोज, आणि एक कप उचलवत नाही.

४ डिसेंबर, शुक्रवार

माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली, ती घेऊन खाली फाटकापर्यंत गेले आणि परत जिना चढून आले. चपला काढल्या. बोलले नाही. खिडकीकडच्या खुर्चीत बसून कप सुलटा केला.

आई बघत राहिली. मग उठली, किटली दोन्ही हातांनी उचलली आणि काठोकाठ ओतला. बशीत सांडेपर्यंत.

"आलीस? किती गं वाट बघायला लावायची!"

मग माझ्या कानाशी वाकून, हळूच — "आणि हे बघ, त्या कॉलेजातल्या बाई आहेत ना आपल्याकडे, त्यांनाही दे हो चहा. फार करतात माझं. त्यांना कुठे जाऊ देऊ नकोस."